फोटोत एक, पार्सलमध्ये दुसरं: इमिटेशन दागिन्यांचे फोटो घरच्या खिडकीत कसे काढायचे

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल तर आधी नीट धरून उभे राहा, आणि घरी बसून ऐकत असाल तर एक ठुशी, एक नथ किंवा कानातल्यांची एक जोडी समोर घेऊन बसा. आजचा विषय आहे छोट्या ऑनलाइन दुकानासाठी दागिन्यांचे फोटो. वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात असे कितीतरी जण असतील. भुलेश्वर नाहीतर मालाडहून होलसेलमध्ये माल आणायचा, संध्याकाळी स्वयंपाक आवरल्यावर किंवा कॉलेज सुटल्यावर इन्स्टाग्रामवर टाकायचा, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायची. माझी वहिनी नालासोपाऱ्याला राहते आणि हेच करते. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे घरात ‘तुझ्या फोनचा कॅमेरा बरा आहे, तूच काढ’ असं म्हणून हे काम माझ्याकडे आलं. त्यातून जे कळलं ते आज सांगतोय.

००:५५ आधी पैशाचं गणित

फोटो सुंदर हवा, हे सगळे सांगतात. माझ्या मते फोटो खरा हवा, आणि त्याचं कारण सरळ पैशाचं आहे.

समजा एक ठुशी तुम्ही ३५० रुपयांना विकता. खरेदी १८० ला, पॅकिंग २० रुपये, कुरिअर ६० रुपये. हातात राहिले ९०. आता तीच ठुशी गिऱ्हाइकाने परत पाठवली. जायचे ६०, यायचे ६०, पॅकिंगचे २०, म्हणजे १४० रुपये गेले. एका रिटर्नने जवळजवळ दीड ऑर्डरचा नफा खाल्ला.

दहा ऑर्डर गेल्या आणि एकही परत आली नाही, तर ९०० रुपये सुटतात. दहातल्या दोन परत आल्या, तर आठचे ७२० मिळतात, त्यातून २८० वजा, उरले ४४०. म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि हे परत आलेला माल धड आहे असं धरून. मोती निखळला असेल तर तेही गेले.

वहिनीकडे एक ठुशी परत आली तेव्हा मेसेज असा होता, “फोटोत अँटिक गोल्ड वाटली होती, आली ती पिवळीधमक.” गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं. फोटोत ती खरंच अँटिक दिसत होती. का दिसत होती, ते पुढे सांगतो, कारण ते आपल्याकडच्या पावसाळ्याशी जोडलेलं आहे.

०२:२० कायदा काय म्हणतो

दोन मिनिटं कायद्याची. २३ जुलै २०२० पासून आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू आहेत. ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याची जाहिरात आणि वस्तूचे प्रत्यक्ष गुण जुळले पाहिजेत, असं त्यात म्हटलंय. आणि वस्तू जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल, तर ती परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. फोटो हा जाहिरातीचाच भाग. त्यामुळे “नो रिटर्न, नो एक्स्चेंज” असं मोठ्या अक्षरात लिहिलं म्हणून चुकीचा फोटो चालून जात नाही.

दुसरी गोष्ट. होलसेलवाला व्हॉट्सॲपवर मालाचे फोटो पाठवतो आणि आपण तेच पुढे ढकलतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. तेव्हा ते वापरायचे असतील तर निदान विचारून घ्या. पण त्याहून मोठी अडचण व्यवहाराची आहे. तोच फोटो आणखी पन्नास जणांच्या पेजवर असतो, मग गिऱ्हाईक फक्त किंमत बघतं. आणि फोटोतला लॉट आणि तुमच्या हातातला लॉट एकच असेल याची खात्री नसते. पॉलिश बदललेलं असतं, मण्यांचा रंग बदललेला असतो. स्वतःच्या हातातल्या मालाचा स्वतः काढलेला फोटो ही तुमच्या दुकानाची पहिली ओळख.

०३:५० खिडकी कुठली आणि कधी

आता कामाचं. लाइट विकत घ्यायच्या आधी घरातली खिडकी बघा.

वसई-विरार साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे उत्तरेकडच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, आकाशाचा पसरलेला मऊ उजेड येतो. फोटोसाठी हाच हवा. अपवाद आहे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत. या काळात आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो. शिवाय मार्च ते सप्टेंबर सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन शिरू शकतं. तेव्हा त्या महिन्यांत सकाळी दहा-अकराच्या सुमारास काढा, किंवा खिडकीवर ट्रेसिंग पेपर चिकटवा.

“आमची खिडकी पश्चिमेला आहे” असं असेल तर सकाळी काढा. पूर्वेला असेल तर दुपारनंतर. सूर्य खिडकीच्या पाठीमागे असला पाहिजे, एवढाच नियम.

पण आपल्याकडे आणखी एक भानगड असते. बिल्डिंगा इतक्या जवळ जवळ की खिडकीतून आकाश कमी आणि समोरची भिंतच जास्त दिसते. समोरची भिंत पिवळी असेल तर खोलीत पिवळट उजेड येतो, गुलाबी असेल तर मोती गुलाबी दिसतात. आणि पावसाळ्यात ग्रिलवर आपण काय बांधतो? निळी ताडपत्री. तिच्यातून गाळून आलेला उजेड निळसर असतो. निळा आणि पिवळा एकमेकांना मारतात, म्हणून पिवळ्याधमक पॉलिशचं सोनं फोटोत मळकट, जुनं, ‘अँटिक’ दिसतं. वहिनीच्या ठुशीचं हेच झालं होतं. फोन आपणहून रंग सुधारायचा प्रयत्न करतो, पण अशा उजेडात त्याचा अंदाज बऱ्याचदा अर्धवटच लागतो.

उपाय सोपा आहे. फोटोच्या वेळेपुरती ताडपत्री गुंडाळून वर करा, किंवा दुसरी खिडकी धरा. आणि खोलीतली ट्यूब बंद करा. खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या रंगाचा. दोन्ही एकाच दागिन्यावर पडले तर एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते, आणि ते नंतर कुठल्याच ॲपमध्ये धड सुधारत नाही.

०६:१० सामान: सगळं स्टेशनरीच्या दुकानात

पांढरा चार्ट पेपर, शक्यतो न चमकणारा. ट्रेसिंग पेपर. पांढरा थर्माकोल, टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातला जुना चालेल. काळ्या कार्डशीटचे दोन तुकडे. फोनचा स्टँड, नाहीतर डब्यांची चळत. बस.

टेबल खिडकीला लावा. चार्ट पेपर भिंतीला वर चिकटवा आणि खाली टेबलावर गोलाईत येऊ द्या. घडी घालू नका, नाहीतर मागे रेघ दिसते. उजेड एका बाजूने, म्हणजे समजा डावीकडून येतोय. उजवीकडे थर्माकोल उभा करा. तो उजेड परत फेकतो आणि सावली हलकी होते. ग्रिलच्या सळ्यांची सावली पडत असेल तर खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावा.

रात्रीच वेळ मिळतो, असं बरेच जण म्हणतात. मग एकाच प्रकारचे दोन एलईडी दिवे घ्या, खोक्यावर ६५०० के किंवा ४००० के असा जो आकडा असेल तो दोघांवर सारखाच हवा. सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर उत्तम, त्यात लाल-सोनेरी रंग खरे दिसतात. दिव्यासमोर एका वितीवर ट्रेसिंग पेपर धरा. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो, हे शाळेत शिकलोय. म्हणून दिवा जवळ आणा, लांब ठेवून ब्राइटनेस वाढवत बसू नका. आणि फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर तो फोनचा बिघाड नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा, पट्टे जातात.

०८:२० फोनच्या सेटिंग्ज

पहिलं काम, लेन्स पुसा. ओढणीच्या टोकाने नको, चष्म्याच्या कापडाने. तेलकट बोटाचा डाग असला की सगळ्या चमकेभोवती धुकं येतं.

दुसरं, फोन दागिन्याला चिकटवू नका. मुख्य लेन्स तशी रुंद असते. खूप जवळ नेली की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो, झुमका भोपळ्यासारखा दिसतो. एक-दीड फूट मागे या आणि २एक्स करा. शिवाय जवळ गेलं की फोनची सावली दागिन्यावर पडते ती वेगळीच.

तिसरं, ब्यूटी, फिल्टर, ‘सीन ऑप्टिमायझर’ वगैरे बंद. आजकालचे फोन एक फोटो काढत नाहीत. ते पटापट अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतात, रंग गडद करतात, कडा धारदार करतात. जेवणाच्या ताटाला ते शोभतं. आपल्याला मात्र जो रंग आहे तोच हवाय. पोर्ट्रेट मोडही नको. तो पाठीमागचं धूसर करण्याच्या नादात कानातल्याचा हूकच गायब करतो.

चौथं, एक्स्पोजर. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळत नाही. समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगाचं असणार असं धरून तो चालतो. म्हणून पांढऱ्या कागदावर फोटो काढला की कागद राखाडी येतो. दागिन्यावर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. मग सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. काळ्या मखमलीवर उलटं, तिथे खाली सरकवा, नाहीतर काळं भुरकट होतं आणि सोनं जळून पांढरं दिसतं.

१०:०५ कोणत्या दागिन्याला कसा उजेड

सोनेरी पॉलिशचा दागिना हा आरसाच असतो. खोलीत जे आहे ते त्याच्यात दिसतं. तुमचा लाल टी-शर्टसुद्धा. वहिनीने एका पेंडंटचा फोटो झूम केला तर त्यात मी फोन धरून उभा! तेव्हा पांढरा किंवा करडा कपडा घाला आणि दागिन्याच्या भोवती ट्रेसिंग पेपर, थर्माकोल असं पांढरं उभं करा. सगळंच पांढरं झालं की दागिना सपाट दिसायला लागतो. मग काळ्या कार्डशीटची पट्टी कडेला, फ्रेमच्या बाहेर धरा. कडेला एक बारीक गडद रेघ उमटते आणि आकार उठून येतो. हे एकदा करून बघाच.

मोत्याची नथ, तन्मणी, चिंचपेटी यांना एकच मोठा मऊ उजेड द्या. मोत्यावर जितके दिवे तितके ठिपके दिसतात. एक मऊ ठिपका आला की तो मोती वाटतो, चार आले की प्लास्टिकचा मणी.

एडी म्हणजे अमेरिकन डायमंडचं याच्या उलट. मऊ उजेडात त्यातले खडे काचेसारखे मेलेले दिसतात, कारण चमक यायला एखादा छोटा तीव्र उजेड लागतो. आधी खिडकीच्या उजेडात नेहमीसारखं सगळं लावा, मग दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, थोडा लांबून मारा. टॉर्च हळूहळू फिरवत चार-पाच फोटो काढा, एकात खडे पेटलेले असतात.

ऑक्सिडाइज्डला पांढऱ्यापेक्षा फिकट करडी किंवा मातकट पार्श्वभूमी बरी. आरशाचं किंवा काचेचं काम असेल आणि मध्येच पांढरा डाग येत असेल, तर कॅरमची सोंगटी आठवा. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. दिवा किंवा फोन, एकाला थोडं हलवा, डाग दुसरीकडे जातो.

आणि सजावटीबद्दल. वसई म्हटलं की केळीचं पान आणि चाफ्याची फुलं आलीच. छान दिसतं, मीही वापरतो. पण पानाची हिरवी झाक मोत्यात आणि सोन्यात उतरते. म्हणून तसा एखादाच फोटो ठेवा, आणि रंग दाखवणारा मुख्य फोटो पांढऱ्यावरच. किल्ल्यात जाऊन शूट करू का, असं एका श्रोतीने विचारलं होतं. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड, मॉडेल घेऊन धंद्याचं शूट करायचं असेल तर आधी परवानगीची चौकशी करा.

१२:४० एका दागिन्याचे सहा फोटो

एक, पूर्ण दागिना समोरून. दोन, थोड्या तिरक्या कोनातून, जाडी कळावी म्हणून. तीन, मागची बाजू. हा फोटो लोक टाकतच नाहीत. नथ दाबाची आहे की टोचलेल्या नाकाची, ठुशीला दोरी आहे की साखळी, कानातल्याला पेच आहे की हूक, हे मागूनच कळतं. ज्या मुलीचं नाक टोचलेलंच नाही तिला टोचलेल्या नाकाची नथ गेली, तर ती परत येणारच. चार, नक्षीचा जवळून फोटो. पाच, माप. सहा, अंगावर घातलेला. चेहरा नको असेल तर फक्त कान किंवा गळा घ्या. मैत्रिणीचा फोटो असेल तर तिला विचारून टाका.

मापाबद्दल थोडं जास्त बोलतो. शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर १० रुपयांचं नाणं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. “मोठा झुमका” यातून कोणालाच काही कळत नाही. मिलिमीटर लिहा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून ग्रॅम लिहा.

बांगड्यांमध्ये तर खास गोंधळ होतो. आपण २.४, २.६, २.८ लिहितो, पण दुकानात म्हणतात ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’. ते दशांश नाहीत. टिंबानंतरचा आकडा इंचाचा सोळावा भाग असतो. २.४ म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, साधारण ५७ मिलिमीटर. २.६ म्हणजे ६० च्या आसपास, २.८ म्हणजे अडीच इंच, ६३.५ मिलिमीटर. म्हणूनच २.१० ही बांगडी २.८ पेक्षा मोठी असते. ज्याला हे माहीत नाही तो २.४ ला दशांश समजून ६१ मिलिमीटर धरतो, आणि बांगडी हातात जात नाही. बांगडीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत पट्टी ठेवून फोटो काढा.

१४:३० एडिटिंग: किती आणि कुठे थांबायचं

प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला कोऱ्या पांढऱ्या कागदाचा एक फोटो त्याच उजेडात काढून ठेवा. स्नॅपसीडसारख्या फुकटच्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्सचा पिकर असतो. तो फोटोतल्या पांढऱ्या कागदावर नेला की रंगाची झाक जाते. मग थोडा ब्राइटनेस, थोडं क्रॉप, धूळ पुसणं. सॅच्युरेशनला हात लावू नका.

बॅकग्राउंड काढून टाकणारे एआय ॲप वापरायला हरकत नाही, पण नंतर कडा तपासा. बारीक साखळी, हूक, लटकणारे मोती हे कापले जातात. आणि ‘एन्हान्स’ किंवा ‘जनरेट’वालं बटण असेल तर जपून. ते नसलेली नक्षी भरतं, सात मण्यांचे आठ करतं. मीही कोड लिहितो म्हणून सांगतो, त्या मॉडेलला तुमची ठुशी माहीत नसते. ठुशा साधारण कशा दिसतात एवढंच त्याला माहीत असतं. गिऱ्हाइकाला मात्र तुमचीच ठुशी जाणार आहे.

साइज. ॲमेझॉनला मुख्य फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो, म्हणजे २५५, २५५, २५५. वस्तूने साधारण ८५ टक्के चौकट भरलेली हवी, आणि झूम चालायला लांब बाजू किमान १००० पिक्सेल. इन्स्टाग्रामने जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलच्या ग्रिडमधले चौकोन उभे केले, तेव्हा वर-खाली थोडी जागा सोडून काढा, नंतर कापता येतं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर फोटो दाबला जातो आणि नक्षी पुसट होते. एचडीवर टॅप करा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

१६:२० या आठवड्याचं काम

सगळा स्टॉक एकदम काढायला बसू नका. एकच दागिना घ्या. सहा फोटो काढा. मग फोन आणि दागिना दोन्ही अशा कोणाच्या तरी हातात द्या ज्याने तो दागिना आधी पाहिलेला नाही. आई, शेजारच्या काकू, कोणीही. विचारायचं एकच, “फोटो बघून मागवलं असतं आणि हे आलं असतं, तर ठेवलं असतं का?” त्या जिथे “पण” म्हणतील, तिथे फोटो परत काढायचा. दुसऱ्याही फोनवर उघडून बघा, कारण प्रत्येक स्क्रीनवर रंग थोडा वेगळा दिसतो. म्हणून रंगाचं नाव शब्दातही लिहा, ‘पिवळं पॉलिश’, ‘मॅट अँटिक’, ‘रोझ गोल्ड’.

वहिनी आता प्रत्येक पोस्टखाली लिहिते, “फोटो दिवसाच्या उजेडात, फिल्टर नाही.” आणि मागच्या बाजूचा फोटो बघून लोक विचारतात कमी आणि ऑर्डर करतात जास्त, असं तिचं म्हणणं आहे.

पुढच्या भागात पॅकिंग. मोती न निखळता, पॉलिश न घासता पार्सल कसं पोचवायचं, आणि आपल्या दमट हवेत स्टॉक काळा पडू नये म्हणून काय करायचं. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटमध्ये पाठवा, मराठीतच पाठवा. भेटूया!